झाकणावर काय लिहिलंय?

जून २०२४. मृगाचा पहिला पाऊस होऊन दोन दिवस झाले असतील. मी दुकानात एका पोराचा उत्पन्नाच्या दाखल्याचा फॉर्म भरत होतो. वाळूचं डंपर मेनरोडवरून आमच्या गल्लीत वळलं आणि त्याचं मागचं चाक भुयारी गटारीच्या चेंबरवर चढलं. नारळ फोडल्यासारखा आवाज झाला. डंपर थांबलं नाही. थांबलेलं वाळूचं डंपर मी अजून तरी पाहिलेलं नाही. बाहेर येऊन बघतो तर झाकणाची एक कड तुटून आत पडलेली, आणि तिथे समोशाच्या आकाराचं तिकोनी भोक. म्हाताऱ्या माणसाचा पाय घोट्याच्या वर जाईल आणि काढताना चप्पल आतच राहील, एवढं.

माझं दुकान म्हणजे झेरॉक्स, लॅमिनेशन आणि 'सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील'. खानदेशातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी बसस्टँड ते कोर्ट या पट्ट्यात अशी दहा दुकानं असतात, त्यातलं एक समजा. गावाचं नाव लिहीत नाही. पालिकेतल्या त्याच लोकांशी मला रोज काम पडतं, आणि जे घडलं ते फक्त आमच्याच गावात घडतं असंही मला वाटत नाही.

पहिले आठ दिवस गल्लीने आपल्या पद्धतीने बंदोबस्त केला. भजीवाल्याने भोकात निंबाची फांदी खोचली. कुणीतरी तिला लाल चिंधी बांधली. दोन दिवसांत पाला सुकला, फांदी आडवी झाली, मग एकाने जुनं टायर आणून ठेवलं. टायर रात्रीतून चोरीला गेलं. पुन्हा फांदी. आमच्याकडे रस्त्यात उभी फांदी दिसली की परगावचा माणूसही न विचारता गाडी बाजूला घेतो, इतकी ती खूण पक्की आहे. वाईट एवढंच की फांदी लावली की काम झाल्यासारखं वाटतं. मलाही वाटलं. अकरा पावलांवर चेंबर आणि मी फॉर्मवाला, तरी आठ दिवस मी काही केलं नाही.

पुढच्या सोमवारी ए-फोर कागदाची दोन रिमं स्कुटीच्या पायाशी ठेवून मी गल्लीत शिरलो. पाऊस होता, गल्लीभर घोटाभर पाणी. फांदी वाहून गेलेली. पुढचं चाक भोकात गेलं, मी डाव्या कोपरावर पडलो आणि हजार कोरे कागद गटारीच्या पाण्यात. लागलं फार नाही. पण त्या कागदाच्या गठ्ठ्याकडे बघत चिखलात बसून राहिलो, तो प्रसंग गल्लीतले लोक अजून सांगतात.

मला उठवायला समोरच्या आक्का आल्या. वय सत्तरच्या पुढे, बोलणं चोख अहिराणी. कोपर बघून झालं आणि म्हणाल्या, "भाऊ, तू लोकेस्ना फॉर्म भरस, मंग ह्या खड्डाना फॉर्म कोन भरी?"

आक्कांचा प्रश्न उगाच नव्हता. त्यांच्या घरी कानबाई, आमच्या खानदेशातली देवी, बसते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईची स्थापना, रोटांचा स्वयंपाक, भाऊबंदांची पंगत, आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर विसर्जन. कानबाईला बाया डोक्यावर घेऊन निघतात आणि याच गल्लीच्या तोंडातून मेनरोडला लागतात. त्या वर्षी नागपंचमी ९ ऑगस्टला होती, म्हणजे कानबाई ११ला, विसर्जन १२ला. आक्का म्हणाल्या, "डोकावर कानबाई ऱ्हास, खाले कोन देखस?"

मी त्याच दुपारी पालिकेत गेलो.

तोंडी सांगितलं तर उत्तर ठरलेलं: लिहून द्या. लिहून दिलं. 'महोदय, वरील विषयास अनुसरून' पासून 'योग्य ती कार्यवाही व्हावी ही विनंती' पर्यंत, रोज दहा जणांना लिहून देतो तसंच. आवक-जावकच्या खिडकीत अर्ज घेतला आणि बाई म्हणाल्या, "ठेवा, जातो साहेबांकडे." दुसरी प्रत पुढे केली. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो की अर्ज एक असला तरी प्रती दोन काढा, आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पोच नसेल तर तुम्ही तिथे गेलाच नव्हता. बाईंनी जरा नाराजीनेच शिक्का मारला.

गल्लीचा एकत्रित अर्ज द्यावा म्हणून सह्या गोळा करायलाही निघालो होतो. एकतीस घरं फिरलो, नऊ सह्या मिळाल्या. कुणी म्हणालं घरात विचारून सांगतो, कुणी म्हणालं तू आहेस ना. खरं कारण पानटपरीवाल्या नानांनी सांगितलं: अर्ध्या गल्लीची घरपट्टी थकलेली आहे, आणि पालिकेच्या कागदावर आपलं नाव दिसलं की आधी थकबाकीची पावती निघेल अशी भीती. शिवाय दोघा-तिघांच्या पायऱ्या गटारीच्या ढाप्यांवर आलेल्या. फुटपाथ हा शब्द आमच्या बोलण्यात नाहीच. गटारीवर सिमेंटचे ढापे टाकलेले असतात, तोच चालायचा रस्ता. एक ढापा हलतो, दुसरा जागेवर नसतो, तिसऱ्यावर कुणाची तरी पायरी, चौथ्यावर कुलरचं दुकान. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेप्रमाणे पायी चालणाऱ्याला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि फुटपाथची कड १५० मिलिमीटरपेक्षा उंच नको. हे मी नानांना वाचून दाखवलं. त्यांनी पानाला चुना लावता लावता विचारलं, "आपली पूर्ण गल्ली किती मीटर आहे?"

नगरसेवकाला धरावं तर नगरसेवकच नव्हते. मुदत कधीच संपलेली, निवडणूक लांबलेली, पालिकेवर प्रशासक. राज्यातल्या बहुतेक पालिकांची तेव्हा हीच गत होती. निवडणुका झाल्या त्या थेट डिसेंबर २०२५मध्ये. आमचे माजी नगरसेवक भले माणूस, त्यांनी माझ्यासमोर फोन लावला, "करून घ्या रे" म्हणाले आणि चहा पाजला.

चार दिवसांनी बांधकामच्या साहेबांना भेटलो. साहेब म्हणजे तिशीतला पोरगा, टेबलावर तीन योजनांच्या फायली, पाठीमागे खिडकीत बंद पडलेला कुलर. त्याचं म्हणणं, मेनरोडपासून आत अमुक फुटांपर्यंतचा रस्ता रस्तेवाल्या खात्याचा, पालिकेचा नाही. रस्तेवाल्या खात्यात गेलो. ते म्हणाले रस्ता आमचा असेल, पण चेंबर गटार योजनेचं, ते पालिकेचं. पालिकेत गटार योजनेच्या टेबलावर सांगितलं की योजना अजून पूर्ण हस्तांतरित झालेली नाही, ठेकेदाराला विचारा. ठेकेदाराचा फोन लागला नाही. हे सगळं एका आठवड्यात, दुकान पोराच्या भरवशावर टाकून. खड्डा होता तिथेच होता, त्याच्या मालकीचा कागद मात्र कुणाकडेच नव्हता.

मग पालिकेच्या अ‍ॅपवर तक्रार टाकली. फोटो, जागा, 'उघडे चेंबर' हा प्रकार निवडला. चौथ्या दिवशी मोबाईलवर निरोप आला: आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे. मी खुर्चीवरून उठून बाहेर जाऊन बघितलं. फांदी होती तशीच होती, लाल चिंधीसकट. अ‍ॅप उघडलं तर त्यात 'काम झाल्याचा' फोटो. नवंकोरं झाकण, भोवती ओलं सिमेंट, मागे गुलाबी भिंत आणि भिंतीवर रंगवलेला पोपट. आमच्या गल्लीत गुलाबी भिंत नाही आणि पोपट तर नाहीच. तो पोपट मला माहीत होता. रेल्वे फाटकाकडच्या अंगणवाडीच्या भिंतीवर आहे तो. तिथल्या सेविकाताईंचे फॉर्म मीच भरतो. एक मन म्हणालं, बरं झालं, पोरांच्या दाराशी झाकण बसलं. दुसऱ्या मनाने जे म्हटलं ते इथे लिहीत नाही.

'आपले सरकार'वर तक्रार नोंदवली, टोकन क्रमांक घेतला. तिथे २१ दिवसांत निपटारा करायचा असतो. तक्रार जिल्ह्याला गेली, जिल्ह्यातून पालिकेत, पालिकेतून त्याच तिशीतल्या साहेबाच्या टेबलावर. मी पुन्हा गेलो तेव्हा त्याने मान वर करून विचारलं, "तुम्हीच का ते पोपटवाले?" आणि हसला. मग दार लोटून घेतलं आणि खरं बोलला. त्याच्याकडे दोन पालिकांचा कार्यभार होता, आठवड्यातले तीन दिवस इथे, तीन दिवस तिथे. अ‍ॅपवरची तक्रार ठरल्या दिवसांत बंद झाली नाही की वरून फोन येतो, म्हणून खालचा माणूस हाताशी असेल तो फोटो चढवतो. "मी तुमचं चेंबर नाही म्हणत नाही," तो म्हणाला, "पण मला कोणत्या हेडखाली खर्च टाकायचा ते सांगा. नवीन झाकण आणायचं म्हटलं तर अंदाजपत्रक, मंजुरी, दरपत्रकं. कानबाईच काय, गणपतीही निघून जातील." त्या दिवशी मला त्याचा राग आला नाही, हे कबूल करतो. आक्कांना मात्र हे सांगायची सोय नव्हती.

खरी वाट झाकणानेच दाखवली.

जुलैचा पहिला आठवडा. रात्री जोराचा पाऊस होऊन सकाळी ऊन पडलेलं. गल्ली धुऊन निघाली होती. फांदी बदलायला म्हणून उकिडवा बसलो तर उरलेल्या झाकणावर, चिखल निघून गेलेल्या जागी, काहीतरी उठून दिसलं. बाटलीतलं पाणी ओतून चप्पलने घासलं. सिमेंटात ओतलेली इंग्रजी अक्षरं होती, 'एलडी' आणि पुढे 'अडीच'. मला वाटलं ठेकेदाराचं नाव असेल. भजीवाला म्हणाला, मिस्तरीची खूण असेल, घरं बांधतानाही घालतात. मी फोटो काढून ठेवला. दुपारी आयटीआयमधले एक सर झेरॉक्सला आले, त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "हे इथे कसं?"

त्यांनी समजावून सांगितलं ते असं. सिमेंट काँक्रीटच्या चेंबर झाकणांना भारतीय मानक आहे, क्रमांक १२५९२. त्यात भार सोसण्याच्या ताकदीप्रमाणे चार दर्जे केलेत. एलडी अडीच म्हणजे हलकं, अडीच टनांचं. जिथे माणसं चालतात, गाडी जात नाही अशा जागी. एमडी दहा मध्यम. एचडी वीस जड, वाहतुकीच्या रस्त्यासाठी. आणि ईएचडी पस्तीस अतिजड. दर्जा झाकणावर उठवलेला असतो, तो वाचायचाच असतो. "भरलेलं डंपर किती टनांचं, हे तुम्हीच सांगा," सर म्हणाले. "बंगल्याच्या आवारात शोभणारं झाकण तुमच्या रस्त्यात बसवलंय. डंपरचा दोष आहे, पण तो दुसऱ्या नंबरचा."

मी रोज दुकान उघडताना त्या झाकणावरून चालत गेलो होतो. दीड वर्ष.

त्याच संध्याकाळी माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिला. हे काम मी पंधरा वर्षं लोकांसाठी करतोय, स्वतःसाठी पहिल्यांदाच केलं. आपल्याकडच्या नियमाने एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत. लोक तिथेच फसतात. रागाच्या भरात 'झाकण का बसवले नाही, जबाबदार कोण, कारवाई कधी' असं लिहितात, आणि उत्तर येतं की प्रश्नार्थक माहिती देता येत नाही. कागद मागायचा, कारण विचारायचं नाही. मी मागितलं ते एवढंच: आमच्या गल्लीतल्या भुयारी गटारीच्या कामाच्या कार्यादेशाची प्रत, चेंबर झाकणांच्या बाबीचं तांत्रिक वर्णन, मोजमाप पुस्तिकेतली (झालेल्या कामाची मापं लिहितात ती वही) त्या बाबीची पानं, काम पूर्ण झाल्याचा दाखला आणि दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामात दोष निघाला तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प चिकटवलं, पोच घेतली.

तीस दिवसांची मुदत. एकीकडे कॅलेंडरवर ११ ऑगस्टला आक्कांनी स्वतःच्या हाताने कुंकवाचं बोट लावून ठेवलेलं. माझ्या दुकानातल्या कॅलेंडरवर, त्यांच्या नाही. मधल्या काळात दोन जण पडले. एक दूधवाला, किटलीसकट. दुसरी नववीतली मुलगी, सायकलवरून. हनुवटीला तीन टाके पडले. प्रत्येक वेळी भजीवाला दुकानात डोकं घालून सांगायचा, "भाऊ, आखो एक पडना." जणू मीच हिशेब ठेवतोय. ठेवत होतोच. त्या मुलीच्या वडिलांना म्हटलं, दवाखान्याचा कागद आणि टाक्यांचा फोटो जपून ठेवा. ते म्हणाले, काय उपयोग? तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

जिल्ह्याच्या लोकशाही दिनाचाही विचार केला होता. महिन्याचा पहिला सोमवार, म्हणजे ५ ऑगस्ट. पण अर्ज १५ दिवस आधी, ठरलेल्या नमुन्यात द्यावा लागतो आणि आधी तालुक्याला जाऊन यावं लागतं. तारीख हुकली. सोडून दिलं.

अठ्ठाविसाव्या दिवशी पालिकेतून चिठ्ठी आली: चौदा पानं, पानाला दोन रुपयांप्रमाणे २८ रुपये भरून घेऊन जावीत. चौदा पानं म्हणजे माझ्या दुकानात चहा थंड व्हायच्या आत निघणारं काम. पण त्या चौदा पानांत नवव्या पानावर जे होतं ते वाचून मी शटर अर्धं ओढून घेतलं आणि पुन्हा वाचलं. बाबीचं वर्णन: रस्त्यावरील चेंबरसाठी एचडी वीस दर्जाचे झाकण व चौकट पुरवणे व बसविणे. मोजमाप पुस्तिकेतही तेच. बिल त्याच दराने निघालेलं. आणि शेवटच्या पानावर, काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षं दोषदायित्व कालावधी, सुरक्षा अनामत तोवर पालिकेकडे जमा. तीन वर्षं व्हायला अजून दीड वर्ष बाकी होतं.

म्हणजे नवीन अंदाजपत्रक नको, मंजुरी नको, हेड नको. झाकण ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने बदलायचं होतं, कधीचंच. खड्ड्याला मालक सापडला.

दुसरा अर्ज अर्ध्या पानाचा लिहिला. त्यात 'कळकळीची विनंती' हे शब्द नव्हते. महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियम १९६५च्या कलम ४९प्रमाणे सार्वजनिक रस्ते आणि गटारं राखणं, धोकादायक जागा सुरक्षित करणं हे पालिकेचं बंधनकारक कर्तव्य. मोजमाप पुस्तिकेत अमुक दर्जा, जागेवर तमुक दर्जा, दोन्हींचे फोटो सोबत. दोषदायित्वाची तारीख. तोवर तीन अपघात, तारखांसह. प्रत जिल्हा प्रशासनाला. आवक-जावकच्या बाईंनी यावेळी न मागता शिक्का मारला, आणि मारता मारता वाचलं. पोटात ठेवून घेणाऱ्यांपैकी त्या नाहीत. मी दुकानात परत येईपर्यंत साहेबाचा फोन आलेला: "अहो, एवढं होतं तर आधी नाही का सांगायचं?"

हे वाक्य मी कितीतरी वेळा आठवून हसलोय. फाइल त्याच्याच कपाटात होती.

ज्या ठेकेदाराचा फोन महिनाभर लागत नव्हता, त्याचा मलाच फोन आला. बोलणं गोड, "भाऊ, आपल्यात कागद कशाला?" मी म्हटलं, कागद झालाय, आता झाकण लावा. अनामत अडकेल ही भीती सगळ्या विनंत्यांपेक्षा भारी पडली. शनिवारी, १० ऑगस्टला दुपारी चार वाजता ट्रॅक्टर आला. दोन मजूर, एक मिस्तरी, नवीन चौकट, नवीन झाकण. मी आधी झाकण पालथं-सुलथं करायला लावलं आणि अक्षरं वाचली. एचडी, वीस. मिस्तरी माझ्याकडे असा बघत होता जसा मी सोनाराकडे नाकारलेला दागिना घेऊन आलोय.

जुनी चौकट फोडायलाच अंधार पडला. नवीन बसवून भोवती काँक्रीट घातलं आणि मिस्तरी म्हणाला, पाच दिवस यावरून काहीही जाऊ द्यायचं नाही, गोणपाट टाकून पाणी मारा. दोन ड्रम, मध्ये बांबू, बांबूला दोरी. गल्लीचं तोंड बंद.

रविवारी कानबाई बसली. आक्कांच्या घरी पहाटेपासून दळलेल्या गव्हाचा, पुरणाचा वास. सोमवारी सकाळी वाजंत्री लागली, डोक्यावर कानबाई घेऊन आक्का आणि त्यांच्या सुना निघाल्या, गल्लीच्या तोंडाशी ड्रमपर्यंत आल्या, थांबल्या. मी दुकानाच्या पायरीवर उभा. आक्कांनी एकदा बांबूकडे, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि अख्खी मिरवणूक मागे वळली. संध्याकाळी प्रसाद घेऊन आल्या तेव्हा म्हणाल्या, "तुन्हं काम व्हयनं रे भो, पन मन्ही कानबाई मांगली गल्लीथीन गई." वाटी ठेवून गेल्या.

ड्रम काढल्यावर लक्षात आलं की झाकण रस्त्यापेक्षा चार बोटं वर बसलंय. मिस्तरीचं म्हणणं, पुढे रस्त्यावर डांबराचा थर येईल तेव्हा लेव्हल होईल. थर अजून आलेला नाही. कडेने मुरूम-सिमेंटचा उतार करून घेतला, तोही साहेबाला सांगून, तीन फोनांत. पहिल्या महिन्यात स्कुट्या तिथे उड्या मारायच्या, आता सगळ्यांना सवय झालीये.

या प्रकरणानंतर दुकानातल्या कामाला एक शाखाच फुटली. 'ऑनलाइनवाले भाऊ गटारीचंही करून देतात' असं पसरलं. बंद पथदिवे, हललेले ढापे, रस्त्यात वाकलेला खांब, केबलसाठी खोदून तसाच सोडलेला चर. फी घेत नाही, झेरॉक्सचे तेवढे पैसे. दोन फोटो मागतो: एक जवळचा, ज्यात वहीचं पान किंवा चप्पल शेजारी ठेवून खड्ड्याचा आकार कळेल, आणि एक लांबचा, ज्यात दुकानाची पाटी किंवा भिंत येईल. पोपटाने शिकवलेली गोष्ट आहे ही. ठिकाण लिहिताना 'अमक्याच्या घराजवळ' लिहीत नाही, खांबाचा नंबर लिहितो. घरं विकली जातात, खांब तिथेच असतो. आणि साहेबाला आधी फोन करतो. तो फोन उचलतो. अजून दोन पालिका सांभाळतोय.

ऑक्टोबर २०२५मध्ये त्या टाके पडलेल्या मुलीचे वडील पेपरातलं कात्रण घेऊन आले. मुंबई उच्च न्यायालयाने १३ तारखेला आदेश दिला होता: खड्ड्यामुळे किंवा उघड्या चेंबरमुळे कुणी गेलं तर वारसांना ६ लाख रुपये, जखमी झालं तर दुखापतीप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख, दिलेली रक्कम जबाबदार ठेकेदार आणि अधिकाऱ्यांकडून वसूल करायची, खड्ड्याची खबर मिळाल्यावर ४८ तासांत त्याचं काम व्हायला हवं. त्यांनी विचारलं, आमचं जुनं प्रकरण यात बसेल का? मी म्हटलं, ते वकिलांनाच विचारावं लागेल, पण कागद काय काय आहेत ते काढा. त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून दवाखान्याचा कागद, टाक्यांचा फोटो आणि मी दिलेली पोचची झेरॉक्स काढून काउंटरवर मांडली. सगळं होतं. त्यांना तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीचा पत्ता लिहून दिला.

परवाच एक आजोबा आले. धोतर, गांधी टोपी, हातात भरिताच्या वांग्यांची पिशवी. नवीन वस्तीत त्यांच्या दारासमोरचं झाकण हलतं, रात्री प्रत्येक गाडीला खडखड वाजतं, झोप लागत नाही. "अर्ज लिहून द्या भाऊ, कडक."

मी संगणकाकडे वळलो आणि विचारलं, "बाबा, झाकणावर काय लिहिलंय?"

"झाकणावर?"

"अक्षरं असतात. आणि जवळच्या खांबाचा नंबर?"

ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग वांग्यांची पिशवी माझ्या काउंटरवर ठेवली, "एवढी बघजा" म्हणाले आणि छत्री उघडून बघायला निघाले.